हमिंगबर्ड ओळखायचेत: फीडर की साल्व्हिया?

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला राहायला गेलेली मावसबहीण विचारते, बाल्कनीत फीडर (पक्ष्यांसाठी साखरपाण्याची बाटली) टांगू की साल्व्हियाचं फुलझाड लावू?

फीडर स्वस्त, पण कटकटीचा. वाटीभर साखरेला चार वाट्या पाणी, लाल रंग अजिबात नको, आणि उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी घासून नवं पाणी. साल्व्हिया एकदा रुजला की फारसं काही मागत नाही.

ओळखायला मात्र फीडरच! पक्षी हातभर अंतरावर थांबतो. ॲनाज जातीच्या नराचं डोकं-गळा उन्हात गुलाबी पेटतात. मान वळवली की काळेच. ॲलन्स या दुसऱ्या जातीचा नर पाठीवर हिरवा, बाजूंना तांबूस. ॲलन्स आणि रुफस (तिसरी जात) यांच्या माद्या वेगळ्या ओळखायच्या फंदात मी पडत नाही.

घासायचा कंटाळा असेल तर साल्व्हिया लाव. नावानिशी ओळख हवी असेल तर फीडर. ॲनाज तिथे बारमाही असतो, हिवाळ्यातही टांगलेला राहू दे.