सूझा बघायला 900 रुपये: वसूल झाले, पण शेवटच्या अर्ध्या तासात

गेल्या शनिवारी चित्रकार एफ. एन. सूझावरचं दोन तासांचं गाइडेड सेशन करून आले. फोर्टातली एक प्रायव्हेट गॅलरी, नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण पुढे बरीच कुरकुर आहे आणि माणसं तशी चांगली होती, उगाच कुणाच्या पोटावर पाय नको. तिकीट 900, त्यात एक छापील पान आणि चहा. 15 जणांची बॅच म्हणून सांगितलेलं, मी डोकी मोजली तर 23, आणि घडीची स्टुलं 12. म्हणजे अर्धे लोक भिंतीला टेकून उभे, आणि भिंतीला टेकू नका असं तिथला माणूस दर पाच मिनिटांनी येऊन सांगणार. 4 चं सेशन 4:25 ला सुरू झालं. असो, हे सगळीकडेच होतं.

गाइड मुलगा हुशार, बोलायला गोड, पण त्याने सुरुवातच अशी केली की “आज आपण भेटणार आहोत भारतातल्या सगळ्यात बंडखोर चित्रकाराला” आणि मग जवळजवळ 70 मिनिटं नुसता मसाला. शाळेतून काढला, कॉलेजातून काढला, पोलिसांनी चित्र उतरवलं, बायका, दारू, लिलाव. बरं, यातलं खोटं काही नाही. पण सगळं एकाच दमात एकाच सुरात सांगितलं की आयुष्याची गॉसिप होते ना. झेवियर्स शाळेतून काढलं ते संडासाच्या भिंतीवरच्या अश्लील चित्रांपायी (सूझाचं म्हणणं असायचं की मी फक्त दुसऱ्यांनी वाईट काढलेली दुरुस्त केली, आणि मला हे शंभर टक्के पटतं), तर जेजे या मुंबईच्या कला कॉलेजातून 1945 ला काढलं ते चले जाव चळवळीतल्या सहभागावरून. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक वात्रट पोरगा आहे आणि दुसरा एकवीस वर्षांचा माणूस आहे ज्याला ब्रिटिश प्रिन्सिपॉलच्या हाताखाली शिकायचा कंटाळा आलाय.

लहानपणाचा भाग मात्र त्याने छान सांगितला, ते मान्य. 1924 चा जन्म, गोव्यात साळगावला. वर्षाचाही नव्हता तेव्हा वडील गेले, मग थोरली बहीण गेली, मग ह्याला देवी आल्या आणि वाचेल असं कुणाला वाटेना. आईने सेंट झेवियरला नवस बोलला की वाचला तर पाद्री करीन. पोरगा वाचला, फ्रान्सिस हे नाव त्या नवसातून चिकटलं, पाद्री काही झाला नाही. आई मुंबईत शिवणकाम करून घर चालवायची. देवीचे व्रण तोंडावर कायम राहिले आणि गाइडचं म्हणणं की म्हणूनच त्याच्या चित्रातल्या चेहऱ्यांवर ते खड्डे, ते फुल्या-फुल्यांचे ओरखडे. असेलही. मला ते जरा जास्तच सोयीस्कर वाटलं, कारण मग ज्यांना देवी आल्या नाहीत त्यांनी तसे चेहरे का काढले हे कोण सांगणार.

छापील पानावर प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची, म्हणजे सूझा आणि त्याच्या चित्रकार सोबत्यांनी काढलेल्या गटाची सुरुवात 1948 लिहिलीय, ती 1947 हवी. आणि नावं दिलीत फक्त सूझा, रझा, हुसेन. आरा, गाडे, बाकरे गायब! अहो, सहा होते सुरुवातीला. त्यात हरी अंबादास गाडे अमरावतीकडचे, बाकरे शिल्पकार, आरा तर लोकांकडे घरगडी म्हणून राबून वर आलेले. 900 रुपये घेऊन तीन नावं छापायचा कंटाळा येत असेल तर काय बोलायचं.

लंडनचा भाग पण असाच घाईत. 1949 ला गेला, हाल झाले, 1955 ला एकदम फेमस झाला, टाळ्या. मधली सहा वर्षं कशी काढली, बायको नोकरी करत होती म्हणून घर चाललं, चित्र विकलं जाईना म्हणून तो लिहायला बसला, आणि मग 1955 ला इंग्रज कवी स्टीफन स्पेंडरने आपल्या मासिकात त्याचा गोव्यातल्या लहानपणावरचा लेख छापला आणि त्याच वर्षी व्हिक्टर मस्ग्रेव्हच्या लंडनमधल्या गॅलरी वनमधलं प्रदर्शन सगळंच्या सगळं विकलं गेलं, हा खरा किस्सा आहे आणि तो दीड वाक्यात उरकला. हॅरोल्ड कोव्हनरचं तर नावही नाही. हा न्यूयॉर्कचा पैसेवाला माणूस 1956 पासून साधारण चार वर्षं त्याला नियमित पैसे देत होता आणि बदल्यात चित्रं घेत होता. त्या वर्षांत सूझाने एवढी मोठमोठी हार्डबोर्डं कशी काय रंगवली याचं निम्मं उत्तर तिथं आहे, की भाडं भरायची चिंता नव्हती. बंडखोर वगैरे ठीक, पण बंडखोराला पण तेलरंगाच्या ट्यूबा विकत घ्याव्याच लागतात.

त्याऐवजी काय, तर लिलाव. ‘बर्थ’ हे 1955 चं चित्र, 2008 मध्ये लंडनला साडेबारा लाख पौंडांच्या वर गेलं, 2015 मध्ये न्यूयॉर्कला 40 लाख डॉलरच्या वर गेलं, हे आठ स्लाइडवर. स्लाइडवर आकडा एवढा मोठा की बाजूला चित्र स्टॅम्पाएवढं. त्या चित्रात आडवी पडलेली गरोदर बाई आहे, शेजारी पाद्र्याच्या झग्यातला माणूस आहे, मागे खिडकीतून गाव दिसतंय, यावर एक शब्द नाही. माझ्याबरोबर बांद्र्याची मैत्रीण होती, दर रविवारी चर्चला जाणारी, ती कानात म्हणाली की हा झगा मासच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य प्रार्थनेच्या वेळचा आहे बघ, आणि मग तिने मला चर्चमधले ते जरीचे कपडे, मेणबत्त्या, लाकडी संत, लहान मुलाला हे सगळं किती भव्य आणि किती भीतीदायक दिसतं ते हळू आवाजात सांगितलं. सूझाने स्वतःही लिहून ठेवलंय की चर्चच्या त्या थाटामाटाने तो भारावून जायचा. चिडायचा पण त्याच्यावरच. तर माझा बेस्ट गाइड फुकटात शेजारी उभा होता.

आता चांगलं सांगते.

5:50 च्या सुमाराला प्रोजेक्टर बंद पडला. (देवच पावला.) मग नाइलाजाने सगळे चित्रांपुढे गेले. दोन शाईची रेखाटनं होती आणि एक डोक्याचं तेलरंगातलं हार्डबोर्ड. फोनवर सूझा बघून बघून मला वाटायचं की त्याची ती जाड काळी रेघ म्हणजे मार्करसारखी एकसारखी असणार. अजिबात नाही. जवळून बघितलं तर रेघ कुठे कोरडी पडून खरवडलीय, कुठे रंगाचा बांध घातल्यासारखी उंच उभी आहे, कपाळाच्या वर गेलेल्या डोळ्यांशी ती जवळजवळ खुपसलीय. चेहरा आधी आणि रेघ नंतर असं नाहीचे, रेघेनेच मांस बांधलंय, चर्चच्या काचांमधल्या शिशाच्या पट्ट्या काच धरून ठेवतात तसं. बरेच लोक याला भारताचा पिकासो म्हणतात, गाइडही म्हणालाच, पण पिकासो चेहरा मोडून परत खेळतो आणि सूझा चेहरा मोडतो आणि तसाच ठेवतो. मला तरी असं वाटलं.

आणि मग कोपऱ्यातलं काळं चित्र. 1960 च्या दशकाच्या मध्यात त्याने काळ्यावर काळा रंग लावून चित्रं केली, 1966 मध्ये लंडनच्या ग्रोव्हनर गॅलरीत ती मांडली. आधी आम्ही सगळे त्याच्या पुढून निघून गेलेलो, मला वाटलं बंद पडलेला टीव्हीच आहे. गाइडने वरचा दिवा घालवला आणि फोनचा टॉर्च बाजूने, अगदी कडेने धरला, आणि त्या काळ्यातून एक बसलेली बाई वर आली. जाड रंगाच्या कडांवर उजेड सरकतो तशी ती दिसते, टॉर्च हलवला की मान वळवल्यासारखी वाटते, समोरून धरला की परत गायब. फोटो काढायचा प्रयत्न सगळ्यांनी केला, सगळ्यांच्या फोनवर काळी पाटी. हे चित्र स्क्रीनवर बघताच येत नाही, त्याला जाऊनच भेटावं लागतं, आणि त्या पोराने हे दहा मिनिटं इतकं मन लावून दाखवलं की त्याची आधीची 70 मिनिटं मी माफ केली. आधी का नाही दाखवलं बाबा?

न्यूयॉर्कची 35 वर्षं मात्र कायच्या काय उरकली. 1967 ला तिकडे गेला आणि 2002 ला मुंबईत वारला, शिवडीला पुरलंय, बास. मधे त्याने मासिकांच्या गुळगुळीत पानांवर केमिकल लावून छपाई विरघळवायची आणि त्या ओघळातून माणसं काढायची असं काम वर्षानुवर्षं केलं, त्यातलं एक तिथं दाराजवळ टांगलेलं होतं, छत्र्यांच्या स्टँडमागे. आम्हीच वाकून बघितलं.

एकूण पाचपैकी साडेतीन. अर्धा काळ्या चित्राचा, चहाचा शून्य. जाणार असाल तर 4 ला जाऊ नका, 5 ला गेलात तरी चालतं, तिकीट दारावर कुणी बघत नाही. चष्मा न्या, रेखाटनांतल्या बारीक आडव्या-उभ्या रेघा त्याशिवाय दिसत नाहीत. फोनचं चार्जिंग ठेवा, टॉर्चला लागेल. काळं चित्र आत शिरल्यावर डाव्या हाताला शेवटच्या कोपऱ्यात आहे, एसीच्या खाली, आणि त्याच्यापुढे स्टुलं रचून ठेवलेली असतात, ती सरकवायला सांगा.