गाडी तापली: एअर-कूल्डमध्ये कुठे बघायचं, लिक्विड-कूल्डमध्ये कुठे?

स्प्लेंडरसारख्या एअर-कूल्ड, म्हणजे वाऱ्याने इंजिन थंड होणाऱ्या गाडीत शोध लवकर संपतो. फिन्समध्ये (इंजिनावरच्या उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पट्ट्यांत) चिखल वाळलाय का, ऑइल कमी झालंय का, ब्रेक चिकटून चाक जड फिरतंय का, एवढं आधी बघा. स्पार्क प्लगचं टोक पांढरंफटक असेल, तर बहुधा मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. ट्रॅफिकमध्ये मात्र इलाज एकच: इंजिन बंद करून थांबायचं. वारा नाही तर थंडावा नाही.

लिक्विड-कूल्ड गाडीत कूलंट नावाचं द्रव इंजिनाची उष्णता रेडिएटरच्या जाळीत नेऊन सोडतं. पल्सर एनएस २०० सारख्या अशा गाडीत ती कधी तापते यावरूनच बरंच कळतं. सिग्नलला तापते, वेगात निवते? मग रेडिएटरचा फॅन, त्याचा फ्यूज किंवा रिले (फॅनला वीज देणारा स्विच). मोकळ्या रस्त्यावरही तापते? मग कूलंट कमी, रेडिएटर बुजलेला किंवा थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) अडकलेला. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात कूलंट मिसळलंय. गाडी पुढे हाकू नका. आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आत दाबामुळे कूलंट १०० अंशांवरही उकळत नाही, झाकण निघताच अंगावर उसळतं. (तहानलेल्या बैलाला पाजावं तसं कूलंटऐवजी नळाचं पाणी ओतणारेही भेटतात, क्षार आतच बसतात.)

रोज गर्दीत अडकणाऱ्याला मी लिक्विड-कूल्ड सुचवेन. मेकॅनिक लांब असलेल्या गावात मात्र एअर-कूल्डच.