मेमरी क्लिनिकचा रिव्ह्यू: जुना मानसिक आजार लपवू नका, इथे तो विचारतात

5 पैकी 4 स्टार. एक का कापला ते खाली लिहिलंय, पण ज्यांच्या घरी कुणाला पूर्वी कधी डिप्रेशन वगैरे होऊन गेलंय आणि आता वय झाल्यावर विसरायला होतंय त्यांनी हे पूर्ण वाचा प्लीज.

आमच्या सासूबाई 74 वर्षांच्या, शिक्षण सातवी. दूध तापत ठेवून विसरायच्या, एकच गोष्ट परत परत विचारायच्या, भिशीला जाणं पण बंद केलं होतं. बाकी सगळीकडे "वय झालं, चालायचंच" एवढंच ऐकलं. इथे पहिल्या भेटीत डॉक्टरांनी आधी सासूबाईंशी निवांत गप्पा मारल्या, मग त्यांना सिस्टरसोबत बाहेर बसवून आमच्याशी वेगळं बोलले. आणि विचारलं, तरुणपणी कधी मनाचा आजार, अॅडमिट, शॉक असं काही झालेलं का? नणंदबाई लगेच नाही म्हणाल्या. पण सोबत मामा होते, सासूबाईंचे धाकटे भाऊ, ते जरा थांबून म्हणाले की ताईला दुसऱ्या बाळंतपणानंतर फार त्रास झालेला, जेवायची नाही, बाळाला घ्यायची नाही, माहेरी आणून ठेवलं होतं आणि शॉक पण दिले होते. माझ्या नवऱ्याला सुद्धा हे पहिल्यांदाच कळलं! डॉक्टरांनी शांतपणे लिहून घेतलं, मग सासरे गेले तेव्हा परत तसं झालं होतं का ते विचारलं, आणि हो, झालं होतं, पण आम्ही सगळे ते दुःखच समजत होतो.

हे का विचारतात ते त्यांनी नीट समजावलं आणि घरी येऊन मी पण वाचलं. न्यूझीलंडमध्ये 17 लाख लोकांच्या 1988 ते 2018 च्या नोंदी तपासल्या, त्यात मानसिक आजारासाठी हॉस्पिटलमध्ये उपचार घेतलेल्यांना पुढे डिमेन्शिया (म्हणजे स्मृतिभ्रंश, विसरण्याचा आजार) होण्याचं प्रमाण बाकीच्यांच्या साधारण चौपट निघालं आणि तो होतही होता काही वर्षं आधी. डेन्मार्कच्या 2023 च्या अभ्यासात डिप्रेशन झालेल्यांना धोका दुपटीहून जास्त दिसला, तरुणपणी झालेलं असलं तरी. म्हणजे म्हातारपणचं डिप्रेशन ही डिमेन्शियाची सुरुवात असू शकते हे खरं, पण सगळं तेवढ्यानेच समजावता येत नाही, कारण तरुणपणीच्या डिप्रेशननंतरही धोका दिसतो. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञांच्या समितीने (लॅन्सेट कमिशन) 2024 मध्ये डिमेन्शियाची टाळता येण्यासारखी जी 14 कारणं सांगितली त्यात डिप्रेशन आहे, कमी ऐकू येणं आणि एकटेपणा पण आहे. घाबरून जाऊ नका मात्र, न्यूझीलंडच्या त्या अभ्यासात सुद्धा आजार होऊन गेलेल्या 100 पैकी साधारण 6 जणांनाच त्या 30 वर्षांत डिमेन्शिया झाला.

नणंदबाईंना वाटत होतं शॉकमुळेच डोकं बिघडलं. डॉक्टर म्हणाले तसा पुरावा नाही, डेन्मार्कमध्येच मोठा अभ्यास झालाय, शॉक दिलेल्यांमध्ये डिमेन्शिया वाढलेला दिसला नाही. हे ऐकून मामांचा चेहरा किती हलका झाला म्हणून सांगू, कारण तेव्हा सही त्यांच्या वडिलांनी केली होती.

टेस्ट सगळ्या मराठीत घेतल्या, घड्याळाचं चित्र, तीन शब्द लक्षात ठेवणं, आजचा वार, आणि शिक्षण किती झालंय ते धरून मार्क. डिप्रेशनची वेगळी प्रश्नावली. बी12, थायरॉइड, एमआरआय, कानाची तपासणी. चालू गोळ्यांची पिशवीच मागितली आणि त्यात झोपेसाठी कितीतरी वर्षं चालू असलेली अॅमिट्रिप्टिलिन सापडली, वय झाल्यावर तिने विसरणं वाढू शकतं म्हणे, ती हळूहळू कमी करून दुसरं औषध दिलं (अशी गोळी घरी कुणाला चालू असेल तर आपल्या मनाने एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारा). आता सासूबाई भिशीला जातात, जेवण नीट आहे, चिडचिड कमी. विसरणं आहेच अजून. डॉक्टरांनी ते स्पष्ट सांगितलंय, की डिप्रेशनचा भाग सुधारेल, बाकीच्यावर लक्ष ठेवावं लागेल आणि दर सहा महिन्यांनी टेस्ट. खोटी आशा दाखवली नाही हे मला सगळ्यात आवडलं.

आता कापलेला स्टार. रिसेप्शनवरून "डिमेन्शियाचे पेशंट या" असं सगळ्यांसमोर ओरडतात, सासूबाई रडवेल्या झाल्या होत्या, हे बंद झालंच पाहिजे. फॉर्म इंग्रजीत आहेत, वेटिंग भरपूर आणि बाकांना पाठ नाही, 70-75 च्या माणसांनी बसायचं कसं.

जाताना जुनी फाईल, असतील तेवढ्या चिठ्ठ्या, सगळ्या गोळ्या घेऊन जा आणि शक्यतो पेशंटचा भाऊ किंवा बहीण सोबत न्या, मुलांना जुनं काही माहीत नसतं. जवळपास असं क्लिनिक नसेल तर सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेली मानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आहे, चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं.