अध्यक्ष भाऊच राहू द्यायचे की ताईंना आणायचं? शनिवारच्या पालकसभेआधी

येत्या शनिवारी आमच्या शाळेत पालकसभा आहे. नाशिकच्या सातपूर भागातली महापालिकेची शाळा, पहिली ते आठवी. शाळा व्यवस्थापन समितीची दोन वर्षांची मुदत संपली, नवी समिती निवडायची. लागोपाठ दोनदा अध्यक्ष झालेले भाऊ पुन्हा इच्छुक आहेत. या वेळी एक ताईही पुढे आल्यात. अंबडच्या कंपनीत पॅकिंगला जातात, मुलगी दुसरीत. पालकांच्या ग्रुपवर आठवडाभर एकच विचारणा चालू आहे, कोणाला निवडायचं? मागच्या समितीत मी सदस्य होते, दोघांचंही काम जवळून पाहिलंय. म्हणून हे सविस्तर लिहिते.

नाशिकमध्ये शाळांची निवडणूक म्हटली की लोकांना मविप्र, म्हणजे मराठा विद्या प्रसारक समाज ही शिक्षण संस्था आठवते. 1914 ची संस्था, हजारो सभासद, पॅनेल, गावोगावचे मेळावे, आणि ऑगस्ट 2022 मध्ये झालेलं सत्तांतर. आपली निवड तशी नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 21 प्रमाणे समितीत पाऊण सदस्य पालक हवेत आणि निम्म्या महिला हव्यात. पालकसभेत आपण सदस्य निवडतो. मग ते सदस्य आपल्यातल्या पालकांमधून अध्यक्ष आणि उपाध्यक्ष ठरवतात. मुख्याध्यापक सचिव असतात. म्हणजे शनिवारी आपण थेट अध्यक्ष निवडत नाही, अध्यक्ष ठरवणारी माणसं निवडतो. ही गोष्ट बऱ्याच पालकांना माहीतच नसते, आणि तिथेच अर्धी निवड कोणाच्या तरी घरी बसून होऊन जाते.

आधी भाऊंचं. कोरोनानंतर शाळा उघडल्या तेव्हा किती मुलं परत आलीच नव्हती. भाऊ टेम्पो बाजूला लावून चाळीचाळीत फिरले, पोरांना हाताला धरून आणलं. त्याच वर्षी ते अध्यक्ष झाले. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपून प्रशासक आले होते. वॉर्डात नगरसेवकच नाही, तक्रार सांगायची कोणाला? पाण्याची टाकी गळत होती, मुलं घरून बाटली आणायची आणि दुपारपर्यंत ती संपायची. भाऊंनी आधी सातपूर विभागीय कार्यालय गाठलं, मग महापालिकेच्या मुख्यालयात, राजीव गांधी भवनात खेपा घातल्या. अर्जाच्या पोचपावत्यांची एक प्लास्टिकची फाईल आहे त्यांची. मी ती पाहिलीय, कडा झिजल्यात. टाकी झाली, कंपाउंडची पडलेली भिंत झाली, तिसरी आणि चौथी एकाच वर्गात बसत होती तिथे एक शिक्षिका मिळाल्या. पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक हा कायदा त्यांनी अर्जात लिहिला होता. हे काम लहान नाही. हे विसरून कोणी मत देत असेल तर ते मला पटणार नाही.

पण समितीचं काम तेवढंच नाही. अनुदान कसं खर्च होतं ते पाहायचं, शाळा विकास आराखडा करायचा, पोषण आहार बघायचा, आणि यासाठी दरमहा बैठक घ्यायची. इथे भाऊंची बाजू कमकुवत आहे. बैठक कायम सकाळी अकराला, तीही कामाच्या दिवशी. समितीतल्या आम्ही बायका निम्म्याहून जास्त नोकरी किंवा धुणीभांडी करणाऱ्या. अकराला येणार कशा? मग संध्याकाळी इतिवृत्ताची वही घरी यायची. मीही उंबऱ्यात उभी राहून सह्या केल्यात, काय ठरलं ते न वाचता. ही माझी चूक आहे आणि ती मला टोचते. कागदावर महिला निम्म्या होत्या, बैठकीत दोन.

पैशांचंही तसंच. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. 101 ते 250 मुलं असतील तर वर्षाला 50,000 रुपये, 251 ते 1,000 असतील तर 75,000. त्यातले दहा टक्के स्वच्छतेला. आमचा पट दुसऱ्या गटातला. भाऊंनी पैसे खाल्ले असं मी म्हणत नाही आणि कोणी म्हणत असेल तर त्याने पावती दाखवावी. पण खर्चाचा कागद फलकावर कधी लागला नाही. विचारलं की ‘मुख्याध्यापक मॅडम बघतात ते’ एवढंच उत्तर. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला दीड वर्ष कडी नव्हती. एक मुलगी आत, दुसरी बाहेर दार धरून उभी. कडी किती रुपयांची असते?

ती कडी ताईंनी बसवून घेतली. त्या समितीत नव्हत्या, साध्या पालक. मुख्याध्यापक मॅडमना भेटल्या, शिपाई दादांना सोबत घेऊन दुकानात गेल्या, बिल शाळेच्या नावाने करून आणलं.

आहाराच्या चव नोंदवहीचं तर मी डोळ्यांनी पाहिलंय. महिनाभराची पानं एकाच पेनने, एकाच अक्षरात ‘चव उत्तम’. ताई कंपनीच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी जेवणाच्या वेळेला शाळेत आल्या. डब्याच्या झाकणात खिचडी घेतली, दोन घास खाल्ले, वही मागितली आणि लिहिलं, ‘वाटाणा कच्चा आहे, पहिलीची मुलं बाजूला काढत आहेत.’ खाली सही, तारीख. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 100 ग्रॅम तांदूळ आणि 20 ग्रॅम डाळ मंजूर आहे, सहावीपासून 150 आणि 30. हे आकडे त्यांनी पाठ केलेत. त्या नोंदीनंतर पुढच्या आठवड्यात खिचडी शिजलेली आली. ग्रुपवर काहींना हा आगाऊपणा वाटला. मला तो कामाचा नमुना वाटला.

आणखी एक. आपल्या वस्तीत एमआयडीसीमुळे उत्तरेकडून आलेली कुटुंबं खूप आहेत. त्यांची मुलं मराठी शाळेत शिकतात, पण आईबाप सभेला येत नाहीत, आले तर मागे उभे राहतात. ताई त्यांच्याशी हिंदीत बोलतात, सूचना वाचून दाखवतात. दुर्बल घटकातल्या पालकांना समितीत त्यांच्या प्रमाणात जागा हवी असं कायदाच सांगतो. या बाबतीत भाऊ मागे आहेत, हे त्यांचे जवळचे लोकही मान्य करतात.

ताईंची अडचणही सांगते. शिफ्ट बदलती आहे, सुट्टी काढली की पगार कापला जातो. महापालिकेच्या कार्यालयात सकाळी जाऊन साहेबांची वाट बघत बसणं त्यांना जमणार नाही. अर्ज कोणाच्या टेबलावर अडतो, कोणाला भेटायचं, हे भाऊंना तोंडपाठ आहे, ताईंना शून्यापासून शिकावं लागेल. शिवाय 2027 चा सिंहस्थ पुढच्याच मुदतीत येतो. महापालिकेचे अभियंते त्या कामात अडकलेले असतील, आपली त्र्यंबक रोडची बाजू तर गर्दीचीच. अशा वेळी आपल्या वर्गखोल्यांच्या छताचं काम कोण लावून धरणार? हा प्रश्न भाऊंच्या बाजूने जातो.

उलट बाजूही आहे. जानेवारी 2026 च्या निवडणुकीनंतर वॉर्डात पुन्हा नगरसेवक आहेत. चार वर्षांपूर्वी भाऊंशिवाय आपल्याला दारच नव्हतं, आता आहे. आणि मुलांच्या इयत्ता बघा. मूल शाळेतून बाहेर पडलं की पालकाचं सदस्यत्व संपतं. भाऊंचा धाकटा सातवीत, म्हणजे दोन वर्षं कशीबशी पुरी होतील. ताईंची मुलगी दुसरीत. आज शिकलेलं त्या पुढची कितीतरी वर्षं वापरू शकतील.

तुमची शाळा वेगळी असेल तर निर्णयही वेगळा येईल. इमारत धोक्याची आहे, शिक्षक कमी आहेत, पाणी नाही, अशी स्थिती असेल आणि विद्यमान अध्यक्ष धावपळ करणारा असेल, तर मी त्यालाच ठेवीन. भिंती उभ्या आहेत पण आत काय चाललंय ते पालकांना कळत नाही, अशी स्थिती असेल तर नवा माणूस. निवडीआधी मुख्याध्यापकांकडे इतिवृत्त मागा. दोन वर्षांत चोवीस बैठका व्हायला हव्यात. किती झाल्या, कोण बोललं, कोणाच्या नुसत्या सह्या आहेत, हे अर्ध्या तासात दिसतं. प्रचाराच्या मेसेजमध्ये ते नसतं.

आमच्या शाळेसाठी माझं मत असं होतं की दोघंही सदस्य व्हावेत, अध्यक्ष ताई आणि महापालिकेचा पाठपुरावा भाऊंकडे. परवा भाऊंना भेटून हेच सांगितलं. ‘अध्यक्ष नसेन तर मला सदस्यही नको,’ म्हणाले. चहा अर्धा सोडून उठले. मला वाईट वाटलं, कारण या माणसाने माझ्या पोराला शाळेत परत आणलंय. पण त्या उत्तराने माझं ठरलं. मी ताईंच्या नावाला हात वर करणार.

सभा मॅडमनी अकराला ठेवली होती. पहिल्या शिफ्टच्या बायकांनी मिळून अर्ज दिला, आता ती साडेचारला आहे. पाच वाजून गेले तरी यादी लिहिणं चालू असेल, तेव्हा उशीर झाला तरी या. भाऊंच्या घरी मी शुक्रवारी पुन्हा जाणार आहे.