अमॅरिलिसचं किट: कंद झकास, बाकीचं सामान मात्र बदलावं लागतं

एक मोठ्ठा कंद, प्लॅस्टिकची कुंडी, दाबून वाळवलेली कोकोपीटची चकती आणि वर फुलाचा फोटो असलेला खोका, असं जे अमॅरिलिसचं किट मिळतं ना, त्याचे रिव्ह्यू वाचले तर बहुतेक सगळे पहिलं फूल आलं की लगेच लिहिलेले असतात. मस्त फूल आलं, पाच स्टार, संपलं. पण पहिल्या फुलावरून किट चांगलं की वाईट हे कळतच नाही, कारण ते फूल आपण खोका उघडायच्या कितीतरी आधी कंदाच्या आत तयार होऊन बसलेलं असतं, ज्यानं शेतात तो कंद वाढवला त्याची ती मेहनत, आपण फक्त ऊब आणि पाणी देतो. दुसऱ्यांदा फूल येतं का, ते आपल्या हातात असतं, आणि तिथं किट किती मदत करतं हे मला बघायचं होतं. माझ्या कंदाला परत फूल आलं म्हणून आता लिहितेय. स्टार द्यायचे तर कंदाला पाच, कुंडी आणि चकतीला दोन, आणि माहितीच्या कागदाला एकसुद्धा द्यावासा वाटत नाही.

आधी कंदाबद्दल, कारण तो खरंच छान होता. हातात जड, घट्ट, कुठे मऊ लागत नव्हता, बुरशीचा वास नाही, खालची मुळं वाळलेली पण शाबूत. कंद घेताना हेच बघायचं असतं. आणि दुसरं म्हणजे साइज. अमॅरिलिसचे कंद घेरावर मोजतात, सेंटिमीटरमध्ये, २४/२६, २६/२८ असं करत ३४ च्या पुढेपर्यंत, आणि जेवढा घेर मोठा तेवढी फुलांचे जास्त दांडे यायची शक्यता. किटमध्ये शक्यतो मधले किंवा लहान साइज असतात आणि कित्येक खोक्यांवर आकडा लिहिलेलाच नसतो, माझ्या खोक्यावर २६/२८ लिहिला होता आणि पहिल्या खेपेला दोन दांडे आले, प्रत्येकावर चार फुलं, लालभडक. जात रेड लायन होती, जुनी आणि भरवशाची, तक्रारीला जागा नाही.

आता कुंडी. दिसायला गोड पण तळाला भोकच नाही!! कंदाच्या झाडाला हे चालतच नाही, पाणी तळाशी साचतं, मुळं कुजतात आणि मग कंदाची बूड मऊ पडते, तिथून तो वाचवणं फार अवघड. काही किटमध्ये आत एक भोकाची कुंडी आणि बाहेर एक शोभेची असते, ते बरं, फक्त पाणी घातल्यावर बाहेरच्या कुंडीत साठलेलं ओतून द्यायचं. शिवाय प्लॅस्टिक इतकं हलकं की दांडा वाढून चार फुलं उमलली की अख्खी कुंडी कलंडते. मी पहिल्याच दिवशी जड मातीच्या कुंडीत लावला. कुंडी फार मोठी नको, कंदाच्या भोवती दोन-तीन सेंटिमीटर जागा राहील एवढीच, मोठ्या कुंडीत माती खूप वेळ ओली राहते. आणि कंद पूर्ण गाडायचा नाही, वरचा तिसरा हिस्सा ते अर्धा भाग मातीच्या वर उघडा राहू द्यायचा, कंदाच्या वरच्या निमुळत्या मानेवर पाणी पडू द्यायचं नाही.

कोकोपीटची चकती कोमट पाण्यात टाकली की छान फुगते, पहिल्या फुलापुरती चालते, कारण तेव्हा कंद स्वतःच्या साठ्यावर जगत असतो. पण तिच्यात खत म्हणावं असं काही नसतं, आणि एकदा का ती पूर्ण वाळली की आकसून कडा सोडते आणि घातलेलं पाणी बाजूनं सरळ खाली निघून जातं, आपल्याला वाटतं पाणी दिलं पण मुळांना काहीच मिळत नाही. म्हणून फुलं संपली की कंद निचऱ्याच्या मातीत हलवावा, थोडी बागेतली माती, थोडं कंपोस्ट, थोडी जाडी वाळू किंवा पेरलाइट (निचऱ्यासाठी मातीत घालतात ते हलके पांढरे दाणे).

आणि तो कागद. लावा, पाणी घाला, उजेडात ठेवा, फुलाचा आनंद घ्या. बस, तिथं संपतो. म्हणजे वाचणाऱ्याला वाटणार की फूल गेलं की झाड गेलं, आणि लोक खरंच चांगले कंद कचऱ्यात टाकतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ही झाडं मूळची दक्षिण अमेरिकेतली, आणि नोंद असलेला पहिला संकर १७९९ सालचा, जॉन्सन नावाच्या एका इंग्लिश घड्याळजीनं केलेला, त्याच्याच नावाची ती जात आजही लोकांच्या बागांमध्ये दरवर्षी फुलते. नीट सांभाळला तर एकच कंद वर्षानुवर्षं साथ देतो. मग कागदावर आणखी चार ओळी लिहायला काय जात होतं?

त्या ओळी मी लिहिते. फूल सुकलं की त्याच्या मागच्या हिरव्या फुगीर भागासकट काढून टाका, नाहीतर झाड बिया धरण्यात ताकद घालवतं. दांडा हिरवा असेपर्यंत राहू द्या, तोसुद्धा अन्न बनवतो, पिवळा पडला की कंदापासून दोन-तीन सेंटिमीटर सोडून कापा. कापल्यावर बरंच पाणी गळतं, घाबरू नका. पानं मात्र अजिबात कापायची नाहीत!! लांब होतात, इकडेतिकडे लोळतात, दिसायला काही खास नाही, पण पुढच्या वर्षीचं फूल तीच बनवतात. यातली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे साधारण चार पानांमागे कंदाच्या आत एक फुलाचा कोंब तयार होतो, त्यामुळे सीझनभर पानं मोजत राहायची, सात-आठ चांगली पानं आली तर आशा आहे, दोन-तीनच आली तर पुढच्या वेळी नुसती पानंच येण्याची तयारी ठेवायची. आणि आत तयार झालेला कोंब बाहेर यायला वर्षाच्या वर वेळ लागू शकतो, म्हणून एका वर्षीचा आळस कधीकधी त्याच्या पुढच्या वर्षी दिसतो.

ऊन भरपूर लागतं, पण घरातून उचलून डायरेक्ट कडक उन्हात ठेवलं तर पानांवर पांढरे चट्टे पडतात, आधी आठवडाभर सावलीत, मग सकाळचं कोवळं ऊन, मग जास्त. जिथं हिमकण पडतात तिथं ते दिवस संपल्यावरच बाहेर काढा. खत दोन-तीन आठवड्यांनी हलकंसं, पोटॅश असलेलं, नुसता नायट्रोजन दिला तर पानं हिरवीगार होतात पण फुलाच्या नावानं शांतता. वाढीचे हे सगळे महिने कंटाळवाणे आहेत हे खरं, पण फूल आल्यावर कंद चक्क लहान झालेला असतो, हाताला कळतं, तो परत भरून यायला हाच काळ.

मग विश्रांती. उन्हाळा सरून हवा गार व्हायला लागली की पाणी कमी करत बंद करायचं आणि कुंडी आडवी किंवा उभी, कशीही, कोरड्या गार जागी ठेवायची, १० ते १३ अंश सेल्सिअस मिळालं तर उत्तम, आठ ते दहा आठवडे. पानं पिवळी पडून वाळतात, वाळली की काढायची. एवढा गारवा मिळत नसेल तरी नुसता कोरडा आराम देऊन बघायला हरकत नाही, गरम हवेत बरीच झाडं स्वतःच्या वेळेला, उशिरानं का होईना, फुलतात. काही जण फ्रिजमध्ये ठेवतात, ठेवायचा तर फळांपासून लांब, पिकणाऱ्या फळांमधून निघणारा इथिलीन वायू कंदांना चांगला नाही. आणि हो, पापिलिओ नावाची जी फुलपाखरासारख्या फुलाची जात आहे ती सदाहरित आहे, तिला असं जबरदस्तीनं झोपवायची गरज नाही, फक्त पाणी थोडं कमी करा. खोक्यावर जातीचं नाव असणं का महत्त्वाचं ते इथं कळतं.

आराम संपला की वरची थोडी माती बदलून एकदा भरपूर पाणी, आणि मग कोंबाचं टोक दिसेपर्यंत जवळजवळ काहीच नाही. इथं धीर सुटतो, पण मुळं फुटायच्या आधी रोज पाणी घातलं तर कंद सडतो. साधारण सहा ते आठ आठवड्यांत फूल. दांडा उजेडाकडे झुकतो, दर दोन दिवसांनी कुंडी फिरवा. उमलल्यावर जरा गार जागी हलवलं तर फुलं जास्त टिकतात. माझ्याकडे दुसऱ्या खेपेला दोनच्या ऐवजी एकच दांडा आला, पण त्यावर परत चार फुलं, रंग तितकाच गडद, मी प्रचंड खूश आहे.

अजून दोन गोष्टी खोक्यावर ठळक असायला हव्या होत्या. एक, कंदात लायकोरीन नावाचं विष असतं, कुत्र्यानं, मांजरानं किंवा लहान मुलानं तो चावून खाल्ला तर उलट्या होतात, त्यामुळे हाताला येईल अशा जागी ठेवू नका. दोन, पानांवर किंवा दांड्यावर लाल पट्टे, लाल चट्टे आले आणि दांडा तिथून वाकडा व्हायला लागला तर ती बुरशी असू शकते, तो भाग कापून टाका, पानं कोरडी ठेवा आणि कुंडी बाकीच्या झाडांपासून लांब करा. मिलीबग नावाची कीड तर कंदाच्या पापुद्र्यांच्या आत लपून बसते, मानेजवळ पांढरा कापूस दिसतोय का ते अधूनमधून बघत जा.

आता मेणातल्या कंदाबद्दल, कारण तो याच शेल्फवर शेजारी ठेवलेला असतो आणि लोक मला विचारतात. रंगीत मेणात बुडवलेला, माती नको पाणी नको, टेबलावर ठेवला की फुलतो. फुलतो हे खरं, पण त्याची मुळं कापलेली असतात, बुडाला बऱ्याचदा तार घातलेली असते, तो साठवलेल्या ताकदीवर एकदा फुलतो आणि थकून जातो. मेण सोलून मातीत लावता येतो, बूड चांगली असेल तर एखादा जगतोही, पण परत फूल हवं असेल तर त्याच्या नादी लागू नका. मी तो विकत घेणार नाही आणि कुणाला सांगणारही नाही.

तर किट घ्यावं का? कुणाला भेट द्यायचं असेल तर घ्या, फक्त खोक्यावर साइज आणि जात लिहिलेली बघून घ्या आणि सोबत भोकाची जड कुंडी द्या. स्वतःसाठी घेत असाल तर सुट्टा कंद घ्या, ३० च्या पुढच्या घेराचा मिळाला तर सोडू नका. बाजूला लहान पिल्लं चिकटलेली असतील तर घाईनं तोडू नका, आईबरोबर मोठी होऊ द्या, सुटी करून लावल्यावरही फुलायला त्यांना दोन-तीन वर्षं लागतात.