पिकअप की स्टेशन वॅगन: पुण्यातल्या पावसाळ्यानंतरचा अनुभव

घरात डबल कॅब (सीटच्या दोन ओळींची) पिकअप आहे आणि जुनी स्टेशन वॅगनही (छत मागेपर्यंत लांब असलेली, मोठ्या डिकीची कार), त्यामुळे तुलना रोजच होते. इंजिन, टॉर्क सगळ्यांना ठाऊक आहे, ते सोडतो. लिहायला बसलो ते सर्व्हिस सेंटरच्या उत्तरामुळे. पिकअपच्या हौद्यात, म्हणजे मागच्या माल ठेवायच्या भागात, पाणी शिरतं ही तक्रार त्यांनी जॉबकार्डवर घेतलीच नाही. म्हणे, "सगळ्याच पिकअपना येतं." एवढे पैसे मोजणाऱ्याला हे उत्तर?

पाणी का येतं ते सांगतो. फाळक्याच्या (हौद्याच्या मागच्या दाराच्या) खाली, बिजागरीजवळच्या दोन्ही कोपऱ्यांत फट असते. गाडी वेगात असताना मागे हवेचा दाब कमी होतो आणि टायरनं उडवलेलं पाणी, धूळ त्या फटीतून आत ओढली जाते. वरचं झाकण कितीही महागाचं बसवा, ही वाट उघडीच राहते. बंगळुरू हायवेनं साताऱ्याला जाऊन आलं की बॅगांवर चिखलाचा थर.

उपाय स्वस्त आहे: ईपीडीएम (ऊन-पाण्यात टिकणाऱ्या) रबराची पोकळ, फुगीर, मागे चिकट असलेली पट्टी. हौद्याच्या दोन उभ्या कडा आणि तळाची कड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायची, मागचा कागद थोडा थोडा सोडवत पट्टी दाबत जायची. ओढून ताणून लावली तर पुढे आखडते आणि कोपऱ्यात सुटते. चोवीस तास पाणी लागू द्यायचं नाही. फाळका जोर लावल्याशिवाय बंद होत नसेल तर पट्टी जाड झाली, बारीक घ्या. हौद्यातली पाणी निघायची भोकं मात्र बुजवू नका. हौद्यातल्या प्लास्टिक लायनरखाली (अस्तराखाली) पानं साचतात, तिथूनच गंज धरतो. पावसाळ्याआधी लायनर उचलून साफ करावा.

पट्टीनंतर पाणी बरंच कमी झालं, तरी बॅगा मी मागच्या सीटवरच ठेवतो.

रिकाम्या पिकअपचा मागचा दणका मला आधी सर्वांत मोठा दोष वाटायचा. आता तसं म्हणणार नाही. मागच्या टायरांत पूर्ण भाराची हवा भरलेली होती. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे रिकाम्या गाडीचा दाब ठेवला आणि दणका बराच कमी झाला. थंड टायरवर मोजा, आणि माल भरण्याआधी हवा पुन्हा वाढवा.

पिकअपच्या पार्किंगच्या अडचणीला मात्र तोडगा नाही. सोसायटीतली नेहमीची जागा २.५ बाय ५ मीटर. हायलक्स किंवा व्ही-क्रॉससारखी पिकअप साधारण ५.३ मीटर, म्हणजे फूटभर बाहेर. सदाशिव पेठेत तर विचारच नको.

शेणखत, माती, उंच रोपं, ओला राडारोडा यांसाठी पिकअपच. वॅगनमध्ये तो वास आठवडाभर जात नाही. पण किराणा, आजींची व्हीलचेअर, लांबचा प्रवास यांत वॅगन सरळ जिंकते: सामान कोरडं, कुलपात, आणि उचलायला कमरेच्या खाली.

अडचण एवढीच की टाटा इस्टेट (१९९२), इंडिगो मरीना (२००४) असल्या गाड्या आता जुन्याच मिळतात. घेताना मागचं दार उघडून सोडून बघा. आपोआप खाली आलं तर दार वर धरून ठेवणारे गॅसचे दांडे संपलेत. मग डिकीतला गालिचा आणि स्टेपनी काढून तळाला हात लावा. ओल किंवा गंज असेल तर दाराचं रबर आणि मागच्या लाइटचे गॅस्केट तपासा. मागे वायपर असेल तर त्याच्या पाण्याची नळीही बघा. हे सगळं बघितल्याशिवाय भाव ठरवू नका.