एक पावसाळा आणि एक आंबा हंगाम: शेअर्ड होस्टिंगचा वापरानंतरचा अनुभव

देवगड तालुक्यातील आमच्या बागेच्या हापूसची विक्री आणि मालवणजवळ मावसभाऊ चालवत असलेल्या होमस्टेची चौकशी, अशी दोन संकेतस्थळे आम्ही एकाच होस्टिंग खात्यावर, म्हणजे संकेतस्थळांसाठी भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवरील जागेवर, चालवतो. दोन्ही वर्डप्रेस या संकेतस्थळ बनवण्याच्या प्रणालीवर आहेत. आंब्याच्या संकेतस्थळाला ऑनलाइन विक्रीसाठी वूकॉमर्सची जोड आहे, होमस्टेला केवळ एक चौकशी अर्ज पुरतो. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर ही दोन्ही संकेतस्थळे अमेरिकेतील सर्व्हरवरून उचलून मुंबईत सर्व्हर असलेल्या एका भारतीय कंपनीच्या शेअर्ड योजनेवर, म्हणजे एकच सर्व्हर अनेक ग्राहकांत वाटून देणाऱ्या योजनेवर, आणली. त्यानंतर गणपती, दिवाळी आणि नाताळच्या सुट्टीतली होमस्टेची गर्दी झाली, पाडव्यापासून मे अखेरपर्यंतचा आंब्याचा हंगाम झाला, आणि आता हा अनुभव लिहिण्याइतपत साहित्य हाताशी आले आहे. दोन्ही कंपन्यांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत. योजनांचे दर आणि मर्यादा वरचेवर बदलत असल्यामुळे आजचे नाव पुढच्या वर्षी उपयोगी पडेलच असे नाही. तपासण्याच्या गोष्टी मात्र फारशा बदलत नाहीत.

सुरुवात पैशापासून करणे भाग आहे, कारण या धंद्यात जाहिरातीतला दर आणि प्रत्यक्ष बिल यांत मोठे अंतर असते. ठळक अक्षरांत दिसणारा मासिक दर बहुधा तीन किंवा चार वर्षांचे पैसे एकदम भरणाऱ्यालाच मिळतो, त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो, आणि मुदत संपल्यावर नूतनीकरणाचा दर दुप्पट-तिप्पट होतो. हिशेबाच्या सोयीसाठी महिन्याला १४९ रुपयांची योजना तीन वर्षांसाठी घेतली असे धरू. जीएसटीसह सुमारे ६,३३० रुपये होतात. चौथ्या वर्षी हाच दर ४४९ रुपये झाला, तर त्या एकट्या वर्षाचे बिल सुमारे ६,३५८ रुपये येते, म्हणजे आधीच्या तीन वर्षांच्या बेरजेपेक्षाही जास्त. त्यामुळे आम्ही कंपन्यांची तुलना सवलतीच्या दरावर न करता नूतनीकरणाच्या दरावर केली. हा दर बहुतेक ठिकाणी पैसे भरण्याच्या पानावर बारीक अक्षरांत असतो. जिथे तो तिथेही सापडला नाही, ती कंपनी आम्ही यादीतून काढून टाकली. पैसेही एकाच वर्षाचे भरले. सवलत थोडी कमी मिळाली, पण न पटल्यास निघून जाण्याची मोकळीक राहिली, आणि माझ्या मते होस्टिंगच्या विश्वासार्हतेची खरी कसोटी तीच आहे. ज्या कंपनीकडून सहज बाहेर पडता येते, तिच्याकडे निर्धास्त राहता येते.

म्हणूनच डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नोंदवलेले नाव, आम्ही होस्टिंगच्या कंपनीकडे ठेवले नाही. 'पहिल्या वर्षी डोमेन मोफत' हे आमिष बहुतेक योजनांसोबत असते. परंतु डोमेन आणि होस्टिंग एकाच दाराआड गेले की वाद झाल्यावर दोन्ही अडकतात. डॉट कॉमसारखी नवी नोंदवलेली किंवा नुकतीच हलवलेली डोमेने ६० दिवस दुसऱ्या नोंदणी कंपनीकडे नेता येत नाहीत, आणि मुदत उलटून डोमेन 'रिडेम्पशन' अवस्थेत गेले, तर ते सोडवून घ्यायला नेहमीच्या शुल्काच्या कितीतरी पट रक्कम मोजावी लागते. आमच्या डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख नेमकी एप्रिलमध्ये, म्हणजे पेट्या भरण्याच्या धांदलीत येते. डॉट कॉमची मुदत एकूण दहा वर्षांपर्यंत वाढवता येत असल्याने ती काही वर्षांसाठी एकदम वाढवून ठेवली आणि तो विषय डोक्यातून काढला.

वेगाच्या बाबतीत फरक लगेच जाणवला आणि त्याचे कारण सरळ आहे. आमची गिऱ्हाइके मुख्यतः मुंबई, ठाणे आणि पुण्यातील आहेत. जुन्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्यास दोनशे मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागत असे. मुंबईच्या सर्व्हरला आमच्या वाडीतील जोडणीवरूनही तीस-चाळीस मिलिसेकंद पुरतात. दोनशे मिलिसेकंद ऐकायला क्षुल्लक वाटतात खरे, परंतु सुरक्षित जोडणी जुळताना, पानाचे पहिले अक्षरही येण्यापूर्वी, अशा दोन-तीन फेऱ्या होतात आणि मग पुढच्या फाइलींच्या फेऱ्या सुरू होतात. मोबाइलची रेंज कमकुवत असली की प्रत्येक फेरीचा उशीर आणखी वाढतो. याला जोड म्हणून आम्ही फोटो वेबपी या हलक्या स्वरूपात बदलले, कारण फोनवरून थेट चढवलेला चार-पाच एमबींचा आंब्याच्या पेटीचा फोटो कोणत्याही सर्व्हरला जड जातो. नवी कंपनी लाइटस्पीड सर्व्हर वापरते आणि त्याचे कॅशिंगचे, म्हणजे पानाची तयार प्रत ठेवून तीच देण्याचे, प्लगइन मोफत आहे. मुखपृष्ठ, बागेची माहिती, होमस्टेची छायाचित्रे ही सारी पाने त्यामुळे पटकन उघडतात.

खरी परीक्षा मात्र अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या आठवड्यात झाली. त्या दिवसांत आम्ही जुन्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सअॅपवर पेट्यांचे दर पाठवतो आणि पुढच्या अर्ध्या तासात सगळे एकदमच संकेतस्थळावर येतात. संदेश गेला आणि थोड्याच वेळात ठाण्याच्या एका काकूंचा फोन आला: "अहो, पाच डझनांची पेटी टाकली, पण पैसे भरायला गेले तर इंग्रजीत काहीतरी येतंय, ५०८ की काय." शेअर्ड होस्टिंगवर ५०८ या आकड्याचा अर्थ बहुधा ठरलेला असतो: त्या खात्याला एका वेळी जितक्या विनंत्या हाताळण्याची परवानगी आहे, तितक्या भरल्या. सर्व्हर बंद पडलेला नसतो, शेजारच्यांची संकेतस्थळे सुरळीत चालू असतात; आपला वाटा तेवढा संपलेला असतो. सी-पॅनलमधील, म्हणजे होस्टिंग खाते सांभाळण्याच्या नियंत्रण पॅनलमधील, 'रिसोर्स युसेज' या भागात त्याचा आलेख दिसतो. आमच्या योजनेत 'एंट्री प्रोसेस', म्हणजे एका वेळी हाताळता येणाऱ्या विनंत्या, २० होत्या आणि त्या अर्ध्या तासात आलेखाची रेघ वीसवर जाऊन सपाट झाली होती.

इथे कॅशिंग उपयोगी पडत नाही, हे खरेदीदारांनी आधीच जाणून घ्यावे. मुखपृष्ठ सर्वांना सारखेच असल्याने त्याची तयार प्रत देता येते, परंतु प्रत्येकाची खरेदीची पिशवी आणि पैसे भरण्याचे पान वेगळे असल्याने ते दर वेळी नव्याने तयार करावे लागते, आणि तो सारा भार पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत चालते ती) व डेटाबेसवर पडतो. वेग मोजणारी साधने बहुधा मुखपृष्ठावरच चालवली जातात, त्यामुळे तिथे शंभरपैकी पंच्याण्णव गुण मिळवणारे संकेतस्थळ पैसे भरण्याच्या पानावर दम टाकू शकते. आम्ही दोन उपाय केले. वर्डप्रेस आपली अंतर्गत कामे येणाऱ्या पाहुण्यांच्या भेटींवर उरकून घेते, ती सवय बंद करून तीच कामे सी-पॅनलच्या क्रॉनमधून, म्हणजे ठरावीक वेळी काम चालवणाऱ्या सोयीतून, दर पंधरा मिनिटांनी होतील अशी व्यवस्था केली. आणि दरपत्रकाचे संदेश सर्वांना एकदम न पाठवता गटागटाने पाठवले. दुसरा उपाय तांत्रिक मुळीच नाही, पण परिणाम त्याचाच अधिक झाला. पुढचे दिवस ५०८ दिसले नाही.

'अमर्याद' या विशेषणाबद्दलही थोडे. जागा अमर्याद असली तरी फाइलींच्या संख्येवर, म्हणजे आयनोडवर, मर्यादा असते. वर्डप्रेस प्रत्येक फोटोच्या वेगवेगळ्या आकारांच्या अनेक प्रती करते, कॅशच्या फाइली साठत जातात, ईमेलचे प्रत्येक पत्र ही आणखी एक फाइल असते. होमस्टेच्या फोटोंमुळे आमचा हा आकडा अपेक्षेपेक्षा बराच लवकर वर गेला. योजना निवडताना जीबींपेक्षा आयनोड, एंट्री प्रोसेस आणि मेमरी हे तीन आकडे विचारून घ्यावेत. विक्री विभागाला ते सांगता आले नाहीत, तर तेही एक उत्तरच आहे.

बंद पडण्याविषयी तक्रारीला फारशी जागा नाही. दर पाच मिनिटांनी संकेतस्थळ तपासणारी एक मोफत सेवा आम्ही पहिल्या दिवसापासून लावून ठेवली होती. कंपनीची हमी ९९.९ टक्क्यांची आहे. त्याचा अर्थ तीस दिवसांच्या महिन्यात सुमारे ४३ मिनिटे, वर्षात पावणेनऊ तास बंद राहिले तरी हमी मोडत नाही. पूर्वसूचना देऊन केलेली देखभाल त्यात सहसा धरली जात नाही, आणि हमी मोडलीच तर भरपाई होस्टिंगच्या बिलातून मिळते, बुडालेल्या ऑर्डरींची नव्हे. आमच्याकडे लहानसहान खंड पडले ते रात्री, आणि एकदा पूर्वसूचना उशिरा मिळाली. यापेक्षा जास्त वेळा आमच्या वाडीतील लाइट जाते. पावसाळ्यात विजेचे खांब आडवे झाले, फायबर तुटली, तरी संकेतस्थळ चालू राहते, मुंबईतला माणूस गणपतीनंतरच्या खोल्यांची चौकशी करतो आणि उत्तर मात्र दुसऱ्या दिवशी जाते. तो दोष होस्टिंगचा नव्हे.

याच परिस्थितीमुळे मदतसेवा निवडताना आमचा निकष शहरातील वापरकर्त्यापेक्षा निराळा ठरला. लाइव्ह चॅटचे सर्वत्र कौतुक होते, परंतु रेंज गेली की चॅट तुटते आणि पुन्हा रांगेच्या शेवटी उभे राहावे लागते, नव्या माणसाला सारी कहाणी नव्याने सांगावी लागते. तिकीट पद्धत संथ वाटली तरी आमच्यासाठी तीच बरी. रात्री तिकीट टाकावे, सकाळी रेंज आली की उत्तर वाचावे. नव्या कंपनीच्या चॅटवर पहिली उत्तरे यंत्रच देते आणि ती बहुधा निरुपयोगी असतात. तिकिटावर मात्र जाणकार माणूस उत्तर देतो, ५०८च्या वेळी तर त्याने कोणते प्लगइन भार टाकत आहे तेही दाखवून दिले. लॉगिनसाठी ओटीपी एसएमएसवर येणार की अॅपवर, हेही कोकणात राहणाऱ्याने आवर्जून पाहावे. ऑथेंटिकेटर अॅप रेंजशिवाय आकडे दाखवते. एसएमएसची वाट पाहत गच्चीवर किंवा गडग्यावर चढून उभे राहावे लागते.

बॅकअप कंपनी रोज घेते आणि तो सी-पॅनलमधून स्वतःला परत बसवता येतो, वेगळे पैसे पडत नाहीत. तरीही बहुतेक कंपन्यांच्या अटींत माहिती सांभाळण्याची जबाबदारी ग्राहकाचीच असल्याचे लिहिलेले असते, म्हणून दर आठवड्याला एक प्रत गूगल ड्राइव्हवर आपोआप जाईल अशी सोय केली आहे, हंगामात रोज. केवळ प्रत असणे पुरेसे नाही. ती एका सबडोमेनवर (आमच्याच डोमेनच्या वेगळ्या उपपत्त्यावर) बसवून पाहिली आणि ऑर्डरी जागच्या जागी असल्याची खात्री केली. जोडणी सुरक्षित करणारे एसएसएल प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टचे, मोफत आणि आपोआप नूतनीकरण होणारे आहे. त्यासाठी आज वेगळे पैसे मागणारी योजना लहान व्यावसायिकाने घेण्याचे कारण नाही.

सर्वांत कमकुवत बाजू ईमेलची. शेअर्ड होस्टिंगवर आपला आयपी पत्ता इतर अनेकांसोबत वाटलेला असतो आणि त्यातील एखाद्याने घाऊक जाहिराती पाठवल्या की आपल्या ऑर्डरच्या पावत्याही स्पॅममध्ये जातात. पत्र खरोखर आपल्याच डोमेनचे असल्याची खूण पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी बरोबर करूनही हा त्रास पुरता गेला नाही. शेवटी ऑर्डरची पत्रे एका स्वतंत्र ईमेल सेवेतून पाठवायला लागलो. योजनेसोबत 'शंभर ईमेल खाती मोफत' असे लिहिलेले असते, त्याला निवडीत शून्य वजन द्यावे. याशिवाय नियंत्रण पॅनलवर मालवेअर तपासणीपासून एसईओपर्यंत काही ना काही विकत घेण्याचा आग्रह सतत चालू असतो, तोही वैताग आणतो.

ज्यांना केवळ पत्ता, फोन आणि चार फोटो दाखवायचे आहेत, त्यांनी यात पडू नये. गूगलवरील व्यवसायाची नोंद आणि व्हॉट्सअॅप बिझनेसचा कॅटलॉग त्यांना पुरतो. उलट टोकाला, पूर्ण हंगाम ऑनलाइन विक्रीवर चालणाऱ्यांना व्हीपीएस, म्हणजे ठरावीक वाटा राखून दिलेला आभासी सर्व्हर, लागेल; पण तो घेताना सर्व्हर अद्ययावत ठेवणारा माणूस कोण, याचे उत्तर आधी हवे, नाहीतर व्यवस्थापित व्हीपीएस घ्यावा आणि त्याचे जास्तीचे पैसे मोजावेत.

आम्ही मधली वाट धरली आहे. एंट्री प्रोसेसची मर्यादा वाढवण्यासाठी वरची योजना घ्यावी का, हे तिकिटावर विचारले असता उत्तर आले की वर्षाच्या मध्ये वर जाता येते, उरलेल्या महिन्यांचा फरक तेवढा भरावा लागतो, परंतु खाली येणे केवळ नूतनीकरणाच्या वेळीच शक्य आहे. आमचे नूतनीकरण पावसाळ्यात येते. तेव्हा आता याच योजनेचे एका वर्षाचे पैसे भरणार आहोत, मार्चमध्ये मोहोर कसा टिकला ते पाहून वरच्या योजनेवर जाऊ, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा खाली उतरू. त्या तिकिटाची प्रत जपून ठेवली आहे.